जुन्या वास्तूतल्या संग्रहालयात छायाचित्र-प्रदर्शन मांडताना

तारीख ठरवण्याआधी भिंत पाहा. कोल्हापूरचे टाउन हॉल संग्रहालय १८७०च्या दशकातल्या दगडी इमारतीत आहे. अशा भिंतीत खिळा ठोकायचाच नाही. वर लाकडी पट्टी असेल तर तिच्यावरून तारेने फ्रेम सोडा, नसेल तर प्लायचे उभे पॅनेल वापरा. पावसाची झड खाणारी भिंत जून ते सप्टेंबर रिकामी ठेवलेली बरी. बुरशीची भीती सगळ्यांनाच असते, पण त्याहून वाईट म्हणजे ओलीत छायाचित्रावरचा जिलेटिनचा थर फुगून काचेला चिकटतो आणि सोडवताना सोलला जातो. म्हणून काच आणि प्रिंट यांच्यामध्ये खिडकी कापलेला आम्लमुक्त माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. प्रिंट कागदी कोपऱ्यांत अडकवा. सेलोटेप वर्षभरात पिवळा डाग सोडू शकते. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की हवा खेळती राहते.

आता उंची. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर धरा. फ्रेम २४ इंच उंच असेल तर निम्मे १२; तार ताणल्यावर तिचा मध्य वरच्या कडेपासून ३ इंच खाली येत असेल, तर हूक ५७ + १२ − ३ = ६६ इंचांवर. तार ताणून मोजली नाही तर सगळी ओळ खाली उतरते. लहानमोठ्या फ्रेम एकत्र असतील तर मध्य जुळवा, वरच्या कडा नव्हे. २० फुटी भिंतीवर २० इंच रुंदीच्या ७ फ्रेम, मध्ये १०-१० इंच सोडून लावल्या, तर दोन्ही टोकांना २०-२० इंच मोकळे राहतात. आठवी बसते, पण मग प्रेक्षकाला एका चित्रापुढे निवांत उभे राहता येत नाही.

उजेडात काटकसर करा. एकोणिसाव्या शतकातले अल्ब्युमेन प्रिंट (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचे), जसे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या काळातले, ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेडात ठेवू नयेत. नुकसान उजेड आणि वेळ यांच्या गुणाकाराने वाढते: ५० लक्सला ८० दिवसांत जेवढे, तेवढेच २०० लक्सला २० दिवसांत. खिडकीला जाड पडदा लावा. दिवा उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंशांवर कललेला असला की काचेत त्याचे प्रतिबिंब डोळ्यांत येत नाही.

गावातल्या घरांतून मागून आणलेले फोटो मूळ रूपात टांगू नका, प्रत लावा. ६ इंची फोटो १८ इंच करायचा तर ९०० डीपीआयला (दर इंचाला ९०० ठिपके) स्कॅन हवे. ३००ला केलेले स्कॅन तिप्पट मोठे केले की चेहरे धूसर होतात. मूळ फोटो घेताना आणि परत देताना, दोन्ही वेळा त्यावरच्या घड्या-डागांची नोंद मालकासमोर करून सही घ्या.

नावपट्टी दिवे पक्के झाल्यावरच चिकटवा. आधी लावलीत तर नेमकी फ्रेमची सावली तिच्यावर पडते.