आफ्रिकी विद्यार्थ्याला गणितात पुढे शिकायचं असेल तर अर्ज कुठे आणि कसा करावा

पुण्यातल्या कॉलेजांत केनिया, टांझानिया, सुदान, नायजेरिया, रवांडा अशा देशांतली मुलंमुली बी.एस्सी. किंवा बीसीए करताना दिसतात. त्यांतल्या गणितात रमणाऱ्यांना शेवटच्या वर्षी एकच प्रश्न पडतो: आता पुढे काय? आपल्याकडून मिळणारं उत्तर ठरलेलं असतं. इथेच एम.एस्सी. कर, नाही तर युरोपात बघ. त्यांच्या स्वतःच्या खंडात या विषयाचं चांगलं शिक्षण मिळतं, आणि तेही राहण्याखाण्याच्या खर्चासकट फुकट, हे आपल्याला ठाऊक नसतं आणि बरेचदा त्यांनाही नसतं.

हा लेख अशा मुलांचे शिक्षक, घरमालक आणि वर्गमित्र यांच्यासाठी आहे. मॉरिशसमधल्या मराठी घरांना तो थेट उपयोगी पडेल, कारण मॉरिशसचा नागरिक हा आफ्रिकी नागरिक आहे आणि खाली दिलेल्या मुख्य शिष्यवृत्त्या नागरिकत्व पाहून मिळतात. नैरोबी किंवा दार-ए-सलाममध्ये वाढलेल्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलांनी मात्र ही अट आधी तपासावी. नुसतं तिथे राहणं पुरत नाही.

१. शाखा नंतर, आधी प्रश्न

‘मला उपयोजित गणित करायचंय’ एवढ्यावर अर्ज लिहायला बसू नये. उपयोजित किंवा आंतरविद्याशाखीय गणित म्हणजे गणिताचा एक पाय दुसऱ्या कुठल्या तरी क्षेत्रात असणं. तो पाय कुठे आहे हे आधी ठरवावं.

उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. १९२७ साली केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोघा संशोधकांनी साथ कशी चढते आणि सगळ्यांना गाठण्याआधीच का ओसरते, याची समीकरणं मांडली. ती पडताळायला त्यांनी आकडे घेतले ते मुंबई बेटावरच्या प्लेगमृत्यूंचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले. आज साथरोगांचं गणित शिकणारा घानाचा किंवा सिएरा लिओनचा विद्यार्थी सुरुवात याच समीकरणांपासून करतो. फक्त त्याच्यासमोर आकडे असतात २०१४ नंतरच्या इबोलाचे, ज्यात पश्चिम आफ्रिकेत अकरा हजारांहून जास्त माणसं गेली. केरमॅक-मॅकेंड्रिकच्याही आधी, १९०७-०८ मध्ये, रोनाल्ड रॉस मलेरियाची पाहणी करायला मॉरिशसला गेला होता. सगळे डास मारायची गरज नाही, त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी रोग हटतो, हा हिशेब त्याने तिथल्या अहवालात मांडला.

साथरोग हा एक रस्ता झाला. दुसरा रेडिओ खगोलशास्त्राचा. दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागात ६४ तबकड्यांची मीरकॅट दुर्बीण २०१८ पासून चालते आणि तिथेच एसकेए या जागतिक रेडिओ दुर्बीण प्रकल्पाचा एक भाग उभा राहतोय. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवणारी पुण्याची एनसीआरए ही संस्था त्याच प्रकल्पात भारताच्या बाजूने काम करते. म्हणजे पुण्यात शिकणाऱ्या झांबियाच्या किंवा बोट्स्वानाच्या मुलीला हा विषय समजावून घ्यायला फार लांब जावं लागत नाही. हवामान, विमा आणि वित्त, यंत्रशिक्षण, पाण्याचं नियोजन असे इतर रस्ते आहेतच.

विद्यार्थ्याला एका वाक्यात प्रश्न लिहायला सांगावं: कशाचं गणित, कोणासाठी? वाक्य जमेपर्यंत संस्थांची नावं शोधू नयेत.

२. पदवीची वर्षं मोजा

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते इथे. आफ्रिकेतल्या बऱ्याच पदव्युत्तर अभ्यासक्रमांना चार वर्षांचं विद्यापीठीय शिक्षण लागतं. दक्षिण आफ्रिकेत तीन वर्षांची पदवी, मग एक वर्ष ऑनर्स, आणि मगच मास्टर्स. फ्रेंच पद्धतीच्या देशांत तीन वर्षांची ‘लिसांस’ आणि पुढे मास्टर्सचं पहिलं वर्ष. भारतातली तीन वर्षांची बी.एस्सी. या हिशेबात एक वर्षाने कमी पडते.

विद्यार्थी अजून शिकत असेल तर नव्या धोरणातलं चौथं, ऑनर्सचं वर्ष त्याने इथेच पूर्ण करावं. तीन वर्षांची पदवी घेऊन झाली असेल तर एम.एस्सी.चं एखादं वर्ष किंवा मायदेशातलं समकक्ष वर्ष चालेल का, हे संस्थेला ईमेल करून विचारावं आणि उत्तर जपून ठेवावं. बीसीएवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी, गुणपत्रकात गणिताचे पेपर किती आहेत. रेषीय बीजगणित, अवकल समीकरणं आणि संभाव्यता यांपैकी काही दिसत नसेल तर नुसत्या प्रोग्रॅमिंगच्या जोरावर दार उघडणं कठीण.

३. रस्ता निवडा

सर्वांत मोठा पर्याय ‘आफ्रिकन इन्स्टिट्यूट फॉर मॅथेमॅटिकल सायन्सेस’, म्हणजे एम्स (दिल्लीच्या हॉस्पिटलशी संबंध नाही). जोहान्सबर्गमध्ये जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ नील ट्यूरॉक यांनी ती २००३ साली केपटाउनजवळच्या म्युझेनबर्ग या समुद्रकाठच्या उपनगरात, एका जुन्या हॉटेलच्या इमारतीत सुरू केली. त्यांचे आईवडील वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्यातले कार्यकर्ते. पुढे सेनेगल, घाना, कॅमेरून आणि रवांडा इथेही केंद्रं निघाली.

मास्टर्सचा मूळ अभ्यासक्रम साधारण दहा महिन्यांचा. शिकवणी, राहणं, जेवण आणि प्रवास यांचा खर्च संस्था करते. वेगळेपण आहे ते राहणीत. विद्यार्थी, ट्यूटर आणि पाहुणे प्राध्यापक एकत्र राहतात, एकत्र जेवतात. प्राध्यापक जगभरातून साधारण तीन आठवड्यांसाठी येतात, एक विषय शिकवतात आणि जातात. त्या तीन आठवड्यांत रात्री जेवणाच्या टेबलावरही त्यांना गाठता येतं. सुरुवातीला संगणन आणि प्रश्न सोडवण्याची कौशल्यं, मग निवडीचे विषय, आणि शेवटचे काही महिने मार्गदर्शकाबरोबर संशोधन-निबंध. सेनेगलसारख्या ठिकाणी उद्योगातल्या कामाचा अनुभव जोडलेला, जास्त मुदतीचा पर्यायही आहे. यंत्रशिक्षणावरचा वेगळा मास्टर्स २०१८ मध्ये किगालीत सुरू झाला.

माझं मत असं की एम्स हा पूल आहे, मुक्काम नाही. ज्याला गणित येतं पण ते कुठे लावायचं हे अजून ठरलेलं नाही, त्याच्यासाठी ही जागा फार चांगली. दहा महिन्यांत तो कूटलेखन, साथरोग, खगोलशास्त्र, वित्त असं बरंच चाखून बघू शकतो. पण ज्याला खगोलशास्त्रच करायचंय आणि ते ठाम ठरलंय, त्याने थेट केपटाउन विद्यापीठातल्या राष्ट्रीय खगोल-अवकाश कार्यक्रमाकडे जावं. तीन आठवड्यांचा विषय खोल जात नाही, आणि ठाम माणसाचं वर्ष त्यात विखुरतं. साथरोगांचंच काम करायचं असेल तर स्टेलेनबॉश विद्यापीठातलं ‘साकेमा’ हे केंद्र आणि तिथल्या मार्गदर्शकांची नावं आधी बघावीत.

दुसरा पर्याय आफ्रिकी संघाच्या पॅन आफ्रिकन युनिव्हर्सिटीचा. तिची मूलभूत विज्ञानाची संस्था केनियात, नैरोबीजवळच्या जोमो केन्याटा कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठात आहे. गणितात तिथे संगणन, संख्याशास्त्र आणि वित्तीय गणित असे फाटे आहेत, अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि शिष्यवृत्तीसह. वयाची अट असते, ती आधी वाचावी. फ्रेंच येत असेल तर बेनिनमधली आयएमएसपी ही १९८८ पासूनची संस्था पाहण्यासारखी.

आफ्रिकेबाहेरचा एक पर्यायही यादीत हवाच. इटलीतल्या ट्रिएस्टेचं आयसीटीपी हे केंद्र अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये विकसनशील देशांच्या वैज्ञानिकांसाठी काढलं. तिथला एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा पीएच.डी.ची तयारी करून घेतो. गणिताबरोबर पृथ्वीप्रणाली आणि जीवशास्त्राचं परिमाणात्मक अंगही शिकता येतं. पण तो डिप्लोमा आहे, मास्टर्सची पदवी नव्हे, हे घरी समजावून सांगावं लागतं.

आणि आपल्याशी जोडलेला पर्याय म्हणजे आयआयटी मद्रासचं झांझिबारमधलं संकुल. २०२३ पासून तिथे डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेत एम.टेक. आहे. इथे फीचं गणित वेगळं मांडावं लागेल, एम्ससारखं सगळं फुकट धरून चालू नये.

४. कागद भारत सोडण्याआधी काढा

एकदा मुलगा विमानात बसला की पुण्यातल्या परीक्षा विभागातून कागद काढणं म्हणजे कुणा मित्राला चार दिवस खिडकीसमोर उभं करणं. म्हणून शेवटच्या सत्राचा निकाल लागायच्या आधीच यादी करावी: सर्व सत्रांची गुणपत्रकं, ट्रान्सक्रिप्टच्या दोन-तीन सीलबंद प्रती, श्रेणीपद्धतीचा खुलासा, पदवीचा दाखला किंवा तो मिळेपर्यंत तात्पुरतं प्रमाणपत्र, आणि अभ्यासक्रमाची छापील प्रत. शेवटची गोष्ट सगळे विसरतात. ‘पेपर तीन’ असं नाव असलेल्या विषयात नेमकं काय शिकवलं, हे म्युझेनबर्गमधल्या परीक्षकाला दुसऱ्या कशावरून कळणार?

नावाचा घोळ वेगळाच. आपल्या फॉर्मवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि महाराष्ट्रात आईचंही नाव लागतं. इथिओपियाच्या मुलीला आडनाव नसतं; तिच्या नावापुढे वडिलांचं आणि मग आजोबांचं नाव येतं. क्लार्क रकाने भरायचे म्हणून कुठलं तरी नाव पुढे सरकवतो, आणि गुणपत्रक नि पासपोर्ट यांवर दोन वेगळी माणसं तयार होतात. हे पहिल्याच वर्षी दुरुस्त करून घ्यावं. उशीर झाला असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून घ्यावं.

पोर्तुगीज किंवा अरबी भाषेतल्या शालेय दाखल्यांचं अधिकृत भाषांतर लागतं. पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड भारतात येताना बहुतेकांनी काढलेलं असतं. ते टाकू नये, पुढच्या प्रवासात मार्गाप्रमाणे पुन्हा विचारू शकतात.

५. हेतूपत्र लिहिताना

‘लहानपणापासून मला गणिताची आवड आहे’ या वाक्याने सुरुवात केलेलं पत्र वाचणाऱ्याने त्या दिवशी आधीच कितीतरी वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी पहिल्या पायरीत काढलेला प्रश्न पहिल्याच परिच्छेदात यावा. ‘आमच्या जिल्ह्यात पाऊस उशिरा आला की मक्याचं बी दुसऱ्यांदा पेरावं लागतं. पावसाची सुरुवात कधी धरायची, याचा अंदाज तिथल्या नोंदींवरून बांधता येईल का, हे मला शिकायचं आहे.’ एवढं पुरतं. पुढे त्या प्रश्नासाठी आजवर काय केलं ते लिहावं, मग ते शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट असो किंवा पायथनमध्ये काढलेले चार आलेख. एखाद्या विषयात केटी लागली असेल तर लपवू नये. एका ओळीत सांगावं आणि पुढे जावं. पान एकच असावं.

६. शिफारसपत्र: हे आपलं काम

मराठी शिक्षकांनो, हा भाग तुमच्यासाठी. आपली शिफारसपत्रं बहुतेक अशी असतात: विद्यार्थी प्रामाणिक, आज्ञाधारक आणि कष्टाळू आहे, त्याला उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. निवड समितीला यातून काही कळत नाही. आज्ञाधारकपणा तर संशोधनात फारसा उपयोगाचाही नाही.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हेही टाळावं. विद्यार्थी स्वतःबद्दल कधीच नेमकं लिहीत नाही, आणि दोन शिफारसपत्रं एकाच हाताची आहेत हे वाचणाऱ्याला लगेच समजतं. आपण काय लिहावं? त्याला कोणता विषय शिकवला, वर्ग किती जणांचा होता, त्यात तो साधारण कुठे होता. मग एक प्रसंग: त्याने कुठली सिद्धता वेगळ्या वाटेने केली, कुठे अडल्यावर पुन्हा येऊन काय विचारलं. इंग्रजी कच्चं असेल पण गणित पक्कं, तर तसंच लिहावं. अनेक भाषांतून आलेली मुलं एकत्र शिकवणाऱ्या संस्थेला त्याचं नवल वाटत नाही. पत्र कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून जावं. बऱ्याच ठिकाणी शिफारस करणाऱ्याला वेगळी लिंक येते आणि ती स्पॅममध्ये जाऊन बसते. मुदतीच्या आठवड्यात तेवढं उघडून बघायचं.

७. अर्ज गेल्यावर

अर्ज बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदाच घेतात आणि तारखा दरवर्षी थोड्या बदलतात, त्यामुळे संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचीच तारीख खरी धरावी. एम्सला अर्जाचं शुल्क नाही. ‘प्रवेश पक्का करून देतो’ म्हणत पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला दारातूनच वाटेला लावावं.

निकालाची वाट बघण्याचे महिने वाया घालवू नयेत. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि गणिती मजकूर मांडण्याचं लॅटेक ही दोन साधनं हाताखालून जाऊ द्यावीत, कारण तिथे पहिल्याच आठवड्यांत ती लागतात. अवकल समीकरणांचं एक जुनं पुस्तक घेऊन उदाहरणं सोडवावीत, आणि सोडवलेली कुणाला तरी फळ्यावर समजावून सांगावीत. पाठांतरावर पास होत आलेल्या मुलाला तिथे पहिला धक्का नेमका इथे बसतो: उत्तर बरोबर असतं, पण शेजारचा मालावीचा मुलगा ‘का?’ म्हणून विचारतो आणि सांगता येत नाही.

प्रवेश मिळाला की व्हिसाच्या कामाला त्याच आठवड्यात लागावं आणि कुठल्या देशाच्या दूतावासात अर्ज करायचा ते आधी विचारून घ्यावं, कारण भारतात राहणाऱ्या सुदानी मुलाने रवांडाला जाताना लागणारे कागद आणि खार्टूमहून निघणाऱ्याचे कागद एकसारखे असतीलच असं नाही.