यॉर्कला दोन दिवस जायचे असेल तर

पासपोर्ट, व्हिसा, तीन पिनांचा प्लग, पावसाळी जाकीट या गोष्टी ज्याला सांगाव्या लागतात त्याने प्रवासच करू नये, म्हणून त्यांवर शब्द खर्च करीत नाही. बूट मात्र जाड तळव्याचे घ्यावेत, कारण जुन्या शहरात जागोजागी फरसबंदीचे खडबडीत दगड आहेत. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या यादीत पहिल्या ओळीवर लिहायचे ते वेगळेच आहे आणि ते जाड अक्षरांत लिहावे: प्रत्येक ठिकाणी शेवटचा प्रवेश किती वाजता मिळतो. ‘पाचपर्यंत उघडे’ एवढे वाचून समाधान मानू नये. पाचला इमारत बंद होते, म्हणजे आत गेलेल्यांना तोवर बाहेर काढतात. नव्या माणसाला आत घेणे त्याआधी अर्धा तास, कुठे पाऊण, कुठे तासभर अगोदरच थांबते, आणि हिवाळ्याचे वेळापत्रक पुन्हा वेगळे असते.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी तर याबाबत अधिकच सावध राहावे. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊनंतर सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी चार वाजता आपल्याला वाटते की अजून अर्धा दिवस हाताशी आहे. उजेडाचा आणि तिकीटखिडकीचा तिथे काहीही संबंध नाही. मागच्या खेपेस अशाच लख्ख उन्हात, जेवण रेंगाळत उरकून आम्ही एका ठिकाणच्या दाराशी पोहोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. काचेतून आतली माणसे निवांत फिरताना दिसत होती आणि दारावरच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात ‘उद्या सकाळी या’ असे सुचवले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची परतीची गाडी होती. ‘आधी पोटोबा मग विठोबा’ हा आपला शिरस्ता यॉर्कमध्ये महागात पडतो. दुपारचे जेवण एकतर बारालाच आटोपावे, नाहीतर बाकावर बसून सँडविचवर भागवावे.

जाण्याचे दिवस निवडताना शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम. शनिवारी लग्नापूर्वीच्या मेजवान्या साजऱ्या करायला आलेली टोळकी गल्ल्यांतून आणि पबांतून गर्दी करतात. ऑगस्टमध्ये घोड्यांच्या शर्यतींचा ईबोर महोत्सव असतो आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळचा बाजार भरतो; या दोन्ही काळांत हॉटेलांचे दर चढतात. रविवारची अडचण निराळीच आहे. मिन्स्टर म्हणजे तिथले प्रचंड कॅथीड्रल सकाळी प्रार्थनांसाठी राखलेले असते आणि पर्यटकांना दुपारीच आत सोडतात, तर मोठ्या दुकानांना १९९४च्या कायद्यानुसार रविवारी सलग सहा तासच उघडता येते. शनिवार-रविवारच पदरी पडला असेल तर मिन्स्टर शनिवारी सकाळी उरकावे. ते रविवारवर ढकलणाऱ्याच्या वाट्याला उरलेली दुपार येते आणि त्या दुपारीही शेवटच्या प्रवेशाचा काटा असतोच.

गाडीची तिकिटे आधी काढावीत. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्क सुमारे दोन तासांवर आहे. ‘ॲडव्हान्स’ तिकीट बरेच स्वस्त पडते, पण ते त्याच गाडीला चालते. ती चुकली की ते तिकीट कागदाचा तुकडा. नेहमी जोडीने फिरणाऱ्यांनी ‘टू टुगेदर’ रेलकार्ड घ्यावे, भाड्यात एक तृतीयांश सवलत मिळते, मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. मँचेस्टर विमानतळावरून थेट गाड्या आहेत. मोटार आणू नये. आणलीच तर शहराबाहेर ‘पार्क अँड राइड’ला लावून बसने आत यावे, जुन्या तटबंदीच्या आत मोटार चालवण्यात कसलेही सुख नाही.

आता एकेक ठिकाण. मिन्स्टरला सकाळी जाण्याचे कारण गर्दी एवढेच नाही. तिथली पूर्वेची महाखिडकी कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्न्टनच्या हाताखाली १४०५ ते १४०८ या काळात झाली. ती सुमारे २३ मीटर उंच आहे आणि तिच्या काचांवर बायबलच्या आरंभीची सृष्टीची उत्पत्ती आणि अखेरचा प्रलय असे दोन्ही टोकांचे प्रसंग रंगवलेले आहेत. खिडकी पूर्वेची असल्याने सकाळच्या उन्हातच तिचे निळे आणि लाल रंग पेटतात. छोटी दुर्बीण बरोबर घ्यावी. वरच्या चौकटींतल्या मुद्रा, बोटे, वस्त्रांच्या चुण्या उघड्या डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि खालून मान मोडेपर्यंत पाहूनही ‘रंगीत काच’ यापलीकडे हाती काही लागत नाही. मधल्या मनोऱ्यावर चढण्याचे तिकीट वेगळे असते आणि तेही ठरलेल्या वेळेचे. पायऱ्या २७५ आहेत, जिना अरुंद आणि गोल आहे, आठ वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी गुडघ्यांचा हिशेब घरीच करावा. बहुतेक संध्याकाळी तिथे ‘ईव्हनसाँग’ ही गायनप्रार्थना होते. तिला तिकीट लागत नाही आणि पर्यटकांची वेळ संपल्यावरही त्या वास्तूत बसायला मिळते. ज्याची दुपार हुकली त्याला एवढी एकच पळवाट आहे, आणि तिचीही वेळ त्या दिवसापुरती पाहून घ्यावी.

यॉर्विक व्हायकिंग सेंटरचे तिकीट घरूनच, वेळेसह काढावे. कॉपरगेट इथे १९७६ ते १९८१ या काळात झालेल्या उत्खननात व्हायकिंगांची, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्द्यांची, वस्ती सापडली आणि त्याच जागी १९८४ मध्ये हे केंद्र उघडले. छोट्या गाडीत बसवून त्या वस्तीतून फिरवतात, तिथले वाससुद्धा निर्माण केलेले आहेत, तेव्हा नाकाने नाजूक असणाऱ्यांनी आधी पोटभर खाऊ नये. शहरात एका बँकेच्या बांधकामाच्या वेळी १९७२ मध्ये सापडलेली, सुमारे २० सेंटिमीटर लांबीची, दगड झालेली मानवी विष्ठाही इथे काचेमागे सन्मानाने ठेवली आहे. मुलांना मिन्स्टरपेक्षा तीच अधिक लक्षात राहते, त्याला इलाज नाही.

राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय फुकट आहे आणि त्यातच गोम आहे. तिकिटाचे पैसे गुंतलेले नसले की माणूस ते ‘शेवटी बघू’ म्हणून मागे टाकतो आणि शेवट पाच वाजता होतो. ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेग गाठून वाफेच्या इंजिनांचा जागतिक विक्रम करणारे ‘मॅलार्ड’ इथे निळ्या रंगात उभे आहे. जपानच्या पहिल्या पिढीतील शिन्कान्सेनचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा, डबा आहे आणि त्यात चढून आसनांवर बसता येते. रेल्वेची आवड असणाऱ्याला तीन तास कमी पडतात. साडेतीनला तिथे जाऊन ‘धावते पाहू’ असे म्हणू नये. फुकट ठिकाणालाही शेवटच्या प्रवेशाची वेळ असते, हे पुन्हा सांगतो.

तटबंदीचेही तेच. सुमारे ३.४ किलोमीटर लांबीचा हा मध्ययुगीन तट चालायला पैसे पडत नाहीत, म्हणून तो कधीही चालता येईल असा समज होतो. वेशींवरच्या जिन्यांची दारे संध्याकाळी अंधाराच्या सुमारास कुलूपबंद होतात. डिसेंबरमध्ये सूर्य पावणेचारच्या सुमारासच मावळतो, म्हणजे तेव्हा तट सकाळीच चालावा. बर्फ धरला असेल तर तो दिवसाही बंद ठेवतात. पूर्ण फेरी जमत नसेल तर बूथम बार ते मंक बार (तिथे वेशीला ‘बार’ म्हणतात) एवढा तुकडा पुरे, मिन्स्टरची मागची बाजू आणि खालच्या बागा तिथूनच दिसतात. काही भागांत आतल्या बाजूला कठडा नाही, लहान मुलाचा हात सोडू नये. बाबागाडी न्यायचा विचारही करू नये.

क्लिफर्ड्स टॉवर या जुन्या किल्ल्याच्या बुरुजावरून शहर पाहायला सगळेच जातात. तिथल्या किल्ल्यात ११९० मध्ये आश्रयाला आलेल्या सुमारे दीडशे ज्यूंचा अंत झाला, ते पायथ्याची पाटी वाचून मगच वर चढावे. शँबल्स ही खाटकांची जुनी गल्ली सकाळी नऊच्या आत पाहावी, नंतर तिथे पुढच्याच्या पाठीखेरीज काही दिसत नाही.

खाण्याबाबत दोन गोष्टी. पहिली चरबीची. यॉर्कशर परगण्यात फिश अँड चिप्सच्या दुकानांत बटाट्याचे काप गोमांसाच्या चरबीत तळण्याची जुनी पद्धत आहे, तिला ‘बीफ ड्रिपिंग’ म्हणतात, आणि दुकानदार ती अभिमानाने पाटीवर लिहितात. शाकाहारी माणसाने किंवा गोमांस न खाणाऱ्याने ‘नुसत्या चिप्स द्या’ म्हणून निश्चिंत होऊ नये. चिप्स कशात तळता, हे प्रत्येक दुकानात विचारावे. यॉर्कशर पुडिंग गोड नसते, त्यात अंडे असते आणि तेही पुष्कळदा त्याच चरबीत भाजलेले असते. विचारण्यात संकोच करू नये, तिथे कोणाला त्याचे काही वाटत नाही.

दुसरी गोष्ट पुन्हा घड्याळाचीच. पब रात्री अकरापर्यंत उघडा असतो, पण त्याचे स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होते. त्यानंतर बिअर हवी तेवढी मिळते, बरोबर शेंगदाण्याचे पाकीट मिळते, जेवण मिळत नाही. रविवारचा रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचे जेवण, तर दुपारीच असतो आणि पुष्कळ ठिकाणी चार वाजेपर्यंत संपतो. मुंबई-पुण्याच्या सवयीने नऊला ‘चला जेवायला’ म्हणणाऱ्याच्या नशिबी सुपरमार्केटचे गार सँडविच येते. संध्याकाळी साडेसहाला टेबल राखून ठेवावे आणि लाजू नये. चहाची दुकाने त्याहूनही आधी, पाचच्या सुमारास आवरतात. बेटीज या चहागृहात जायचेच असेल, तर सकाळी उघडताच जावे, एरवी रांग पावसातही हटत नाही. फ्रेडरिक बेलमाँट या स्विस मिठाईवाल्याने १९१९ मध्ये जवळच्या हॅरोगेट गावी त्याची सुरुवात केली. ‘फॅट रास्कल’ हा चेरीचे डोळे आणि बदामाचे दात लावलेला जाडजूड बन तिथे मागवावा, तो एक दोघांना पुरतो.

भारतीय जेवणावाचून राहवत नसेल तर लीड्स गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे. तिथल्या बंडोबस्ट या उपाहारगृहात सगळे शाकाहारी असते आणि वडापावही मिळतो.

बाकी किरकोळ. बहुतेक ठिकाणी कार्ड चालते, रोकड थोडीच ठेवावी. हिवाळ्यात ऊझ नदीला पूर येतो आणि काठचे रस्ते पाण्याखाली जातात, आदल्या दिवशी अंदाज पाहावा. परतीच्या दिवशी सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवावे. चॉकलेट आदल्या दिवशीच घ्यावे. किटकॅट याच शहरात राउंट्री कंपनीने १९३५ मध्ये काढले, पण सुपरमार्केटमध्ये ते स्वस्त मिळते, पर्यटकांच्या दुकानातून घेऊ नये.