यादी पाठ आहे, पण बोलताना अडतं त्यांच्यासाठी

लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या पोरापोरींनो, परीक्षेसाठी इंग्रजी वाक्प्रचारांची यादी पाठ करावीच लागते. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी असलेल्या सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, चुकलं की 0.50 वजा. तिथं पाठांतर कामी येतं. तीच यादी घेऊन पुण्यात नोकरीवर गेलात, तर मात्र तोंडघशी पडाल.

मला या यादीनंच अडकवलं. तिच्यात वाक्प्रचार असतो, समोर अर्थ असतो. कोण, कुणाला, कधी म्हणतं ते नसतं. 'किक द बकेट'पुढं नुसतं 'मरण पावणे' लिहिलेलं असतं. आता साहेबांचे वडील वारले, तर त्यांना हे लिहाल? इंग्रजीत तो थट्टेचा सूर आहे. मयताच्या घरी जाऊन 'म्हातारा खपला' म्हणावं, तसं होईल. तिथं 'पास्ड अवे'च हवं. सूर सोडा, देश बदलला की अर्थही उलटतो. मीटिंगमध्ये एखादा विषय 'टेबल' केला म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेतला, अमेरिकेत पुढं ढकलला! म्हणून ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश उघडा, ऑनलाइन फुकट आहे. अर्थाशेजारी 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड' असं काही लिहिलंय का, ते आधी बघा.

घाबरू नका. ऑफिसात रोज लागतं ते फार साधं असतं: 'लेट मी नो', 'आय विल गेट बॅक टू यू', 'आय एम ऑन इट'. काम समजलं नाही तर 'कॅन यू वॉक मी थ्रू इट?' एवढ्यावर बरेच दिवस निभतात.

महिन्याभरात फाडफाड इंग्रजी शिकवतो म्हणणाऱ्या क्लासला एक रुपया देऊ नका. माझं तर ठाम मत आहे, चारचौघांत न हसता बाजूला घेऊन चूक सांगणारा एक सीनियर अशा दहा क्लासांना भारी. तो मिळेपर्यंत बीबीसी लर्निंग इंग्लिशचं 'सिक्स मिनिट इंग्लिश' ऐका, तेही फुकट आहे. ऐकलेलं वाक्य अख्खं वहीत उतरवा, कोण कुणाला म्हणालं तेही लिहा. नुसता अर्थ लिहून वही मिटू नका.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलात म्हणून दबून राहायचं काही कारण नाही. उच्चार गावाकडचा राहिला तरी लोकांना कळतं. ज्याचा प्रसंग माहीत नाही, तो वाक्प्रचार तेवढा मेलमध्ये घालू नका.