वाळवंटातील अंगण: गवत कुठे ठेवावे, खडी कुठे टाकावी

पुण्या-मुंबईहून ॲरिझोनात आलेले एखादे कुटुंब चँडलर, गिल्बर्ट किंवा फिनिक्सच्या आसपासच्या अशाच एखाद्या शहरात घर घेते, तेव्हा फ्लॅटमध्ये कधीच न पडलेला एक प्रश्न त्याच्यापुढे येतो: घराभोवतीच्या या मोकळ्या जमिनीचे करायचे काय? शेजारच्या एका घरापुढे हिरवेगार गवत असते, तर दुसऱ्यापुढे नुसती तांबूस खडी. पहिल्याला पाण्याची चैन म्हणून नावे ठेवली जातात आणि दुसऱ्याला रखरखाट म्हणून. मला विचाराल तर संपूर्ण अंगणासाठी एकच उत्तर शोधू नये. जमिनीच्या प्रत्येक तुकड्यावर कोणाचे पाय पडणार आहेत, ते आधी पाहावे. जिथे पाय पडतील तिथे गवत, जिथे पडणार नाहीत तिथे खडी, आणि या दोन्हींच्या आधी झाडे, असा क्रम ठेवला तर निर्णय सोपा होतो.

पाण्याचा हिशोब आधी समजून घ्यावा. फिनिक्समध्ये वर्षभरात जेमतेम ७ ते ८ इंच पाऊस पडतो, शेजारच्या नेवाडा राज्यातल्या लास व्हेगासमध्ये सुमारे ४ इंच. त्यामुळे इथले गवत जवळजवळ पूर्णपणे नळाच्या पाण्यावर जगते, आणि त्या नळाच्या पाण्याचा मोठा वाटा कोलोरॅडो नदीतून येतो. याच नदीवरच्या तुटीमुळे २०२२ मध्ये ॲरिझोनाच्या वाट्यात पहिल्यांदा अधिकृत कपात झाली. लास व्हेगासच्या जल प्राधिकरणाने प्रत्यक्ष घरांवर मोजमाप केले, तेव्हा एक चौरस फूट गवताला वर्षाला सुमारे ७३ गॅलन (एक गॅलन म्हणजे साधारण पावणेचार लिटर) पाणी लागते आणि त्याच जागी खडी व वाळवंटी झाडे लावली तर सुमारे १७ गॅलन पुरते, असे आढळले. म्हणजे हजार चौरस फूट गवत काढले तर वर्षाला दोन लाख लिटरांहून अधिक पाणी वाचते. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजायचे तर हे वीस टँकर झाले. ज्यांनी मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या एखाद्या गावात टँकरची वाट पाहिली आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

नेवाडा राज्याने २०२१ मध्ये केलेला कायदाही पायांचाच प्रश्न विचारतो. रस्त्याकडेचे, कार्यालयांपुढचे, ज्यावर गवत कापणाऱ्याशिवाय कोणी पाऊल टाकत नाही असे गवत निरुपयोगी धरून, २०२७ पासून त्याला कोलोरॅडोचे पाणी घालण्यास त्या कायद्याने बंदी केली आहे. स्वतंत्र घरांना तो कायदा लागू नाही, पण त्यातली कसोटी आपल्या अंगणालाही लावता येते. फिनिक्सलगतच्या स्कॉट्सडेल शहराने ऑगस्ट २०२३ नंतर परवाना मिळालेल्या नव्या स्वतंत्र घरांच्या समोरच्या अंगणात नैसर्गिक गवत लावण्यासच मनाई केली आहे.

तेव्हा एक आठवडाभर आपल्या अंगणाकडे नीट पाहावे. समोरच्या गवतावर सहसा कोणी बसत नाही, मुले खेळतात ती मागच्या अंगणात. गाडीचा रस्ता आणि कुंपण यांच्यामधली अरुंद पट्टी तर पूर्णपणे वाया जाते, कारण आठ फुटांहून अरुंद पट्टीवर तुषार सिंचनाचे बरेचसे पाणी फरसबंदीवरच उडते. मागच्या बाजूला मात्र चारपाचशे चौरस फुटांचा, शक्यतो चौकोनी तुकडा राखावा. पाच वर्षांच्या मुलाला चेंडूमागे धावायला, आजी-आजोबांना संध्याकाळी अनवाणी फिरायला आणि कुत्र्याला लोळायला एवढा तुकडा पुरतो. कृत्रिम गवताचा मोह होतो, पण जुलैच्या दुपारी ते इतके तापते की त्यावर पाय ठेववत नाही. मुलांसाठी म्हणून ते घालू नये.

इथल्या उन्हाळी गवताला बर्म्युडा म्हणतात आणि ती आपली हरळी आहे, गणपतीला वाहतो तीच दूर्वा. बागेत लावतात त्या तिच्या संकरित जाती. ही ओळख पटली की पुढचे अर्धे काम कळते, कारण हरळी काढणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला विचारावे. आमच्या समोरच्या अंगणातले गवत आम्ही जानेवारीत काढले. ते वाळून पिवळे पडले होते, त्यामुळे मेलेलेच वाटत होते. कंत्राटदाराने वरची चार बोटे माती खरवडून नेली आणि दोन दिवसांत खडी पसरून दिली. एप्रिलच्या मध्यावर त्या खडीतून हिरव्या सुया वर आल्या. मी एक ओढली, तर हातभर लांब, पांढरी, पेरापेराची काशी, म्हणजे जमिनीखालचे खोड, वर आली आणि जिथून मूळ खाली गेले होते नेमकी तिथेच तुटली. त्या एका अंगणात ती पुढचे दीड वर्ष वेचावी लागली.

म्हणून गवत काढायचे असेल तर ते हिरवे आणि वाढते असतानाच, म्हणजे मे ते ऑगस्टमध्ये काढावे. थंडीत झोपलेली हरळी तणनाशक मुळापर्यंत ओढून घेतच नाही. आधी पाणी देऊन ती चांगली तरारू द्यावी, मग ग्लायफोसेटसारखे तणनाशक डब्यावरच्या सूचनेप्रमाणे फवारावे, ती वाळली की पुन्हा पाणी द्यावे आणि जी फुटेल तिच्यावर पुन्हा फवारणी करावी. असे दोनतीनदा केल्याशिवाय खडी मागवू नये. रसायन नको असेल तर जून-जुलैत गवत अगदी बुडापासून कापून, जमीन खोल भिजवून, त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीत गाडाव्यात. सहा आठवड्यांच्या उन्हात बरीचशी हरळी भाजून निघते. झाडाच्या बुंध्याजवळ मात्र हे करू नये, मुळांना इजा होते. बऱ्याच शहरांमध्ये गवत काढण्यासाठी अनुदान मिळते. त्यासाठी अर्ज आणि पाहणी सहसा गवत जिवंत असतानाच व्हावी लागते, म्हणून काम सुरू करण्याआधी शहराकडे आणि सोसायटी असेल तर तिच्याकडेही लेखी विचारणा करावी.

आता या सगळ्यात सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी गोष्ट, सावली. नुसती खडी टाकलेले अंगण दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते घराच्या भिंतींना परत देते. गवत पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थोडी तरी गार ठेवते. खडी तेवढेही करत नाही. २०२३ मध्ये फिनिक्सने सलग ३१ दिवस ४३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमान सोसले. अशा गावात पश्चिमेच्या खिडकीपुढे उघडी खडी पसरणे म्हणजे पाणी वाचवून विजेचे बिल वाढवणे होय. खडीच्या अंगणाला उंच झाडांची जोड हवीच. पालो व्हर्दे, मेस्किट आणि आयर्नवुड ही इथली मूळची झाडे. मेस्किट आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्या नात्यातली आहे, त्यामुळे तिची चिवट वृत्ती ओळखीची वाटेल. घराच्या पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूला, भिंतीपासून किमान पंधरा फुटांवर झाड लावावे. रंगासाठी बोगनवेल उत्तम जगते, आणि मागच्या अंगणात शेवगाही चांगला येतो. डिसेंबर-जानेवारीत दव गोठण्याइतक्या थंडीच्या रात्री मात्र त्याला झाकावे लागते. इथे कुंपणाला सर्रास दिसणारी कण्हेर विषारी आहे, हे लहान मुले असणाऱ्या घरांनी विसरू नये.

खड्डा खणताना पहार ठणठण वाजू लागली तर समजावे की खाली चुनखडीचा टणक थर लागला, ज्याला इथे कलीची म्हणतात. खड्ड्यात चारपाच इंच पाणी भरून ठेवावे. चार तासांत ते चार इंचांनी उतरले नाही तर तो थर फोडून काढावा किंवा झाडाची जागा बदलावी. गवतात आधीपासून एखादे मोठे झाड असेल, तर ते इतकी वर्षे गवताच्याच पाण्यावर वाढलेले असते. गवताचे पाणी तोडण्याआधी त्या झाडाला स्वतंत्र ठिबक द्यावे, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात ते वाळते. ठिबकचे तोंड बुंध्याशी ठेवू नये. फांद्यांच्या पसाऱ्याच्या कडेला ठेवावे आणि झाड वाढेल तसे बाहेर सरकवत न्यावे. पाणी किती मुरले, ते लोखंडी सळई खुपसून पाहावे. ओल्या मातीत ती सहज जाते आणि कोरड्या मातीला टेकली की अडते. लहान रोपांसाठी ती एक फूट, झुडपांसाठी दोन फूट आणि झाडांसाठी तीन फूट खाली गेली पाहिजे. रोज थोडेथोडे पाणी दिलेल्या मेस्किटची मुळे वरच राहतात आणि जुलै-ऑगस्टच्या वादळात असे झाड मुळासकट आडवे होते.

झाडे आणि ठिबक झाल्यावरच खडी टाकावी. इथे जो डीजी म्हणून मिळतो तो ग्रॅनाइटचा मुरूमच असतो. बारीक, भुकटीसह असलेला मुरूम दाबून बसतो, म्हणून तो पायवाटेला घ्यावा. बाकी ठिकाणी अर्धा ते पाऊण इंची चाळलेली खडी बरी. पांढरी खडी डोळ्यांवर झळाळते आणि काळी फार तापते, म्हणून आसपासच्या डोंगरांसारखा भुरा रंग निवडावा. दोन इंचांचा थर पुरतो आणि एका टनात साधारण १०० ते १२० चौरस फूट भरतात. खालून कापड किंवा प्लास्टिक अंथरू नये. धुळीच्या वादळांतली माती वर साचते आणि तण त्या मातीतच उगवते. कापडात गुंतलेले ते तण मग उपटतही नाही. त्याऐवजी वर्षातून दोनदा, हिवाळी पावसाआधी आणि उन्हाळी पावसाआधी, तण उगवूच न देणारे औषध टाकावे. उघडी माती मात्र तशीच सोडू नये, कारण इथल्या धुळीतल्या बुरशीमुळे व्हॅली फिव्हर हा फुप्फुसांचा आजार होतो.

राखलेल्या गवताच्या तुकड्याला उन्हाळ्यात साधारण तीन दिवसांआड, पहाटे, आठ ते दहा इंच खोल जाईल असे पाणी द्यावे. ऑक्टोबरमध्ये हिवाळी राय गवताचे बी पेरून तो वर्षभर हिरवा ठेवण्याची इथे पद्धत आहे. मी ते करत नाही. नोव्हेंबर ते मार्च हरळी पिवळी पडली तरी तिच्यावर मुले तितकीच खेळतात आणि त्या महिन्यांचे पाणी व गवत कापणे वाचते.

शक्य असेल तर खडीचा ट्रक मागवण्याआधी एक उन्हाळी पाऊस जाऊ द्यावा. छपरावरून पाणी कुठे पडते, कोणत्या कोपऱ्यात साचते आणि कुठून वाहून रस्त्यावर जाते, ते त्या अर्ध्या तासात छत्री घेऊन उभे राहून पाहावे आणि तिथेच उथळ चर खणून ते पाणी झाडांच्या आळ्यांकडे वळवावे. खडी पसरल्यावर ही जागा शोधणे फार जड जाते.