घरच्या सोलरची तपासणी: या चुका टाळा, आणि सगळ्यात आधी रीसेटच्या बटणावरचं बोट काढा

इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या डब्यावर, लाल दिवा लागला की बहुतेक घरांत एकच उपाय होतो. बंद करा, थोडं थांबा, चालू करा. दिवा हिरवा झाला की विषय संपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल, पुन्हा बंद-चालू. असं बरेच दिवस चालल्यावर मग फोन येतो, "अधूनमधून काहीतरी एरर येते." कोणती एरर? "लक्षात नाही." किती वाजता येते? "बघितलं नाही." त्या दिवशी हवा कशी होती? इथे तर पलीकडे शांतताच पसरते, कारण हवेचा आणि इन्व्हर्टरचा काही संबंध असेल हे कुणाच्या डोक्यातच आलेलं नसतं.

बाकीच्या चुका एक वेळ परवडल्या, पण ही नको. एररचा कोड आणि वेळ टिपल्याशिवाय रीसेट करायचं नाही. वही नको असेल तर स्क्रीनचा फोटो काढा, वेळ त्यात आपोआप येते. माझा अनुभव असा की कोडपेक्षाही वेळच जास्त बोलते.

उजाडताना किंवा पावसानंतर एरर येते आणि ऊन तापलं की आपोआप जाते? ओल कुठेतरी शिरते आहे. केबलचं इन्सुलेशन, एखादा कनेक्टर किंवा जंक्शन बॉक्स बघायचा. ऐन दुपारी, लख्ख उन्हात इन्व्हर्टर ग्रिडपासून (वीज कंपनीच्या लाइनपासून) सुटतो आणि थोड्या वेळाने परत जोडला जातो? ग्रिडचं व्होल्टेज वाढत असणार. एरर काहीच नाही, पण रोज ठरावीक वेळेला उत्पादनाचा आलेख खाली बसतो? सावली. आलेखाचा माथा सपाट कापल्यासारखा दिसतो? तो इन्व्हर्टरच्या क्षमतेवर कापला जात असेल तर दोष नाहीच, पॅनेल इन्व्हर्टरपेक्षा मोठी घेतल्यावर तसंच होणार. पण क्षमतेच्या बरंच खाली सपाट होत असेल, तर बहुधा इन्व्हर्टर तापून स्वतःला आवरतो आहे. तो उन्हात टांगलाय का, त्याच्या भोवती सामान रचलंय का, पंख्याच्या जाळीत धूळ बसलीय का, ते बघा.

सकाळच्या एररचा एक किस्सा सांगतो, कारण तो मी वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या वेषात पाहिला आहे. एका घरी रोज सकाळी इन्सुलेशनची एरर यायची. घरमालक उठून चहाच्या आधी रीसेट करायचे, तो त्यांचा नेमच झाला होता. दोन वेगवेगळे तंत्रज्ञ येऊन गेले. दोघेही दुपारी आले, दुपारी सगळं कोरडं, मीटरवर सगळं ठीक. मग निष्कर्ष काय? इन्व्हर्टर खराब. आतलं बोर्ड बदललं, पैसे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच एरर नव्या बोर्डावर हजर.

मी सांगितलं, मी दव असतानाच येणार, आणि त्या दिवशी रीसेटला हात लावायचा नाही. सकाळी स्ट्रिंग, म्हणजे एकापाठोपाठ एक जोडलेल्या पॅनेलची माळ, इन्व्हर्टरपासून सोडवली आणि तीन मोजमापं घेतली: प्लस ते मायनस, प्लस ते अर्थ (अर्थिंगची तार), मायनस ते अर्थ. दहा पॅनेलची स्ट्रिंग, एकूण साधारण ४८० व्होल्ट. निरोगी स्ट्रिंगमध्ये अर्थच्या बाजूचं वाचन टिकत नाही, हळूहळू शून्याकडे घसरतं. इथे ते ठाम उभं होतं. प्लस ते अर्थ १४५च्या आसपास, मायनस ते अर्थ ३३५च्या आसपास. बेरीज बरोबर एकूण व्होल्टेजइतकी. एका पॅनेलचे ४८ व्होल्ट धरा, म्हणजे १४५ व्होल्ट म्हणजे तीन पॅनेल. दोष प्लसकडून तिसऱ्या आणि चौथ्या पॅनेलच्या मधे. पॅनेल उचललं तर तिथेच केबल फ्रेम आणि रेलच्या चिमटीत सापडलेली. वाऱ्याने घासून घासून आवरण गेलं होतं, तांबं दिसत होतं. कोरडं असताना ते जेमतेम अधांतरी राहायचं, दव पडलं की फ्रेमला भिडायचं.

दोष केबलच्या वीतभर तुकड्यात होता आणि बदललं होतं बोर्ड. त्याहून वाईट म्हणजे हा दोष रोज रीसेट करून झाकला जात होता. एका जागी विजेची गळती असेपर्यंत फारसं काही घडत नाही. पण दुसऱ्या ठिकाणीही आवरण गेलं, की फ्रेममधूनच वर्तुळ पूर्ण होतं, आणि तो प्रवाह डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी डीसी वीज तोडणारा स्विच) बंद करूनही थांबत नाही. पॅनेलवर ऊन आहे तोवर तो वाहतो. आगी अशाच लागतात. इन्व्हर्टर रोज सकाळी हेच ओरडून सांगत होता.

हे मोजमाप घरच्या घरी करा असं मी म्हणत नाही. ४८० व्होल्ट डीसी ही गंमत नाही. त्यासाठी १००० व्होल्ट डीसीला मान्य असलेला मीटर आणि तशाच प्रोब लागतात, आणि ज्याला कुठे हात लावायचा नाही हे कळतं तो माणूस लागतो. पण येणाऱ्या तंत्रज्ञाला "सकाळी दव असताना या" एवढं तुम्ही नक्की सांगू शकता. नाही म्हणाला तर दुसरा बघा.

दुपारच्या एररबद्दलही थोडं. इन्व्हर्टरला वीज बाहेर ढकलायची तर स्वतःच्या टोकाला ग्रिडपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज ठेवावं लागतं. इन्व्हर्टरपासून मुख्य बोर्डापर्यंतची केबल बारीक आणि लांब असली, किंवा एखादा स्क्रू सैल असला, की हा फरक वाढतो. २३० व्होल्टला ५ किलोवॅट म्हणजे साधारण २२ अँपिअर. जाऊन-येऊन ०.३ ओहम रोध असेल तर साडेसहा व्होल्ट तिथेच चढले. ग्रिड आधीच वरच्या टोकाला असेल तर इन्व्हर्टर सुटणारच. यावर जाड केबल टाका, सगळे स्क्रू आवळा, आणि तरीही व्होल्टेज जास्त असेल तर वीज कंपनीकडे वेळेसकट नोंदी घेऊन तक्रार करा. "सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा वाढवून देतो" म्हणणारा शहाणा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. ती मर्यादा घरातल्या उपकरणांसाठीही आहे.

वीज गेली की सोलरही बंद पडतं, हा बिघाड नाही. बॅटरी किंवा बॅकअपची सोय नसलेला इन्व्हर्टर ग्रिड गेल्यावर थांबलाच पाहिजे, नाहीतर लाइनवर काम करणारा माणूस मरेल. वीज आल्यावरही तो काही मिनिटं थांबून मगच जोडला जातो. तेवढ्यात पुन्हा बंद-चालू करू नका.

आता दुसरी चूक, जिच्यावर माझा आवाज चढतो: चालू लोडवर, म्हणजे प्रवाह वाहत असताना, कनेक्टर ओढणे. "प्लगच तर आहे, काढला," असं म्हणणाऱ्यांना एसी आणि डीसी यांतला फरक कुणी सांगितलेला नसतो. ५० हर्ट्झच्या एसीमध्ये प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीमध्ये शून्य येतच नाही. टोकं लांब होत जातात आणि मधली ज्वाळा ताणत जाते. कनेक्टर वितळतो, हातही भाजतो. नवशिक्या उत्साही मंडळींचा एक व्हिडिओ बघून छपरावर चढायचा जो प्रकार असतो, त्यात हाच टप्पा सगळ्यात लवकर येतो.

माझा क्रम ठरलेला आहे आणि घाई असली तरी तो बदलत नाही. आधी एसी ब्रेकर बंद. मग डीसी आयसोलेटर बंद. मग डीसी क्लॅम्प मीटर स्ट्रिंगच्या केबलभोवती लावून प्रवाह खरोखर शून्य आहे का ते बघणं. ही तिसरी पायरी लोक गाळतात. वर सांगितलं तशी दोन ठिकाणी गळती असेल तर आयसोलेटर बंद असूनही प्रवाह वाहत असतो, आणि ते फक्त क्लॅम्प सांगतो. शून्य दिसलं तरच कनेक्टरला हात. शून्य नसेल तर काहीही न उघडता खाली उतरायचं आणि ज्याचं हे रोजचं काम आहे त्याला बोलवायचं. इन्व्हर्टरचं झाकण उघडायचं तर वरच्या लेबलवर लिहिलेली मिनिटं थांबायचं, आतले कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत.

कनेक्टरवरून आठवलं. दोन वेगळ्या कंपन्यांचे एमसी४ पद्धतीचे (पॅनेलच्या केबल जोडायचे) कनेक्टर एकमेकांत टक्कन बसतात, म्हणून ते एकमेकांसाठी बनलेत असं होत नाही. आतल्या संपर्काचा धातू आणि मापं वेगळी असतात. जोड तापत जातो, प्लास्टिक तपकिरी पडतं, आणि एक दिवस जळतं. नर आणि मादी एकाच कंपनीचे घ्या, आणि योग्य क्रिम्पिंग टूलनेच दाबा. पकडीने दाबलेला जोड मी न तपासताच कापून टाकतो. त्याच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

उत्पादन कमी वाटतं म्हणून लगेच घाबरण्याचीही एक साथ असते. ५ किलोवॅटची पॅनेल ५ किलोवॅट देत नाहीत. तो आकडा १००० वॅट प्रति चौरस मीटर प्रकाशात आणि सेलचं तापमान २५ अंश असतानाचा आहे. उन्हात सेल सहज ६५ अंशांवर जातो. दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के घट धरली तर ४० अंशांच्या फरकाला १४ टक्के गेलेच. तुलना करायचीच असेल तर गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी करा, मागच्या महिन्याशी नको. शेजाऱ्याशी तर मुळीच नको, त्याच्या छपराची दिशा वेगळी असते आणि त्याची फुशारकीही.

खरोखर घट असेल तर सारख्या दोन स्ट्रिंग शेजारी ठेवून बघणं मला सगळ्यात आवडतं. प्रवाह कमी असेल तर सावली किंवा मळ. व्होल्टेज कमी असेल तर पॅनेल किंवा डायोड. पॅनेलमध्ये सहसा तीन बायपास डायोड असतात, सावलीतल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेणारे, एकेका तृतीयांश भागासाठी एकेक. एक शॉर्ट झाला की त्या पॅनेलचं एक तृतीयांश व्होल्टेज जातं, म्हणजे ४८च्या पॅनेलमध्ये १६. दोन स्ट्रिंगमध्ये नेमका तेवढा फरक दिसला की मला शोधायला फार लागत नाही.

मीटर वापरताना लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहून गेली आणि व्होल्टेज मोजायला गेलात, तर तुम्ही स्ट्रिंग शॉर्ट केलीत. दर वेळी भोक बघा.

सफाईबद्दल थोडक्यात. तापलेल्या काचेवर गार पाणी नको, पहाटे किंवा संध्याकाळी धुवा. जड पाणी वाळू देऊ नका, पांढरे डाग बसतात. प्रेशर जेट नको. आणि पॅनेलवर पाय देऊन धुणाऱ्याला आधी खाली उतरवा, काच टिकली तरी आतल्या सेलना तडे जातात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. कमी उतारावर पॅनेल असतील तर खालच्या फ्रेमच्या कडेला मातीची पट्टी साचते, पावसानेही जात नाही. उभ्या (लांब बाजू उताराच्या दिशेने) बसवलेल्या पॅनेलमध्ये ही दोन बोटांची पट्टी तिन्ही भागांतल्या सेलवर एकदम सावली धरते. मधला भाग चकचकीत आणि कड तशीच, अशी सफाई फुकट गेली.

नायलॉनचे साधे टाय उन्हात कुजतात, केबल लोंबायला लागते, आणि मग तिची गत वरच्या किस्श्यातल्या केबलसारखी होते. सर्ज प्रोटेक्टरची (विजेच्या उसळीपासून वाचवणाऱ्या उपकरणाची) खिडकी लाल झालीय का ते बघा, ती कुणी बघत नाही. अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर अॅनोडायझिंगचा थर वीज वाहू देत नाही, त्यामुळे नुसती वायर स्क्रूने आवळून अर्थिंग होत नाही, थर फोडणारा दातेरी वॉशर लागतो. उघडं तांबं थेट अॅल्युमिनियमवर बसवू नका, ओलीत अॅल्युमिनियम गंजतं. पॅनेलखाली पक्ष्यांची घरटी आणि उंदरांनी कुरतडलेली केबल, दोन्ही टॉर्च घेऊन वाकल्याशिवाय दिसत नाहीत.

थर्मल कॅमेरा हातात आला की लोक संध्याकाळी, सोयीच्या वेळी फोटो काढतात आणि "हॉटस्पॉट (जास्त तापलेली जागा) नाही" म्हणून मोकळे होतात. पॅनेलवर निदान ६०० वॅट प्रति चौरस मीटर प्रकाश पडत असला पाहिजे आणि यंत्रणा लोडवर चालू असली पाहिजे. बंद स्ट्रिंगमध्ये गरम व्हायला प्रवाहच नसतो. तिरकं उभं राहिलात तर काचेतलं आकाश मोजलं जातं, अगदी समोर उभं राहिलात तर तुम्ही स्वतःच त्यात गरम डाग म्हणून दिसता. जागा बदलून पुन्हा बघा. डाग तुमच्याबरोबर सरकला तर ते प्रतिबिंब, त्याच सेलवर राहिला तर त्या पॅनेलचा नंबर लिहून घ्या.