डिझेल की पेट्रोल? गाडी घेताना या चुका टाळा

गाडी घ्यायला निघालेला माणूस सर्वांत आधी ॲव्हरेज विचारतो, पण स्वतःचे रोजचे रनिंग किती हे मात्र मोजत नाही. माझ्या गॅरेजमध्ये येणाऱ्या डिझेल गाड्यांच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ मला याच घाईत दिसते.

दोन पावसाळ्यांपूर्वी पर्वरीचे एक गृहस्थ बीएस-६ (भारत स्टेज ६ या प्रदूषण निकषांची) डिझेल गाडी घेऊन आले. पर्वरी ते पणजी, मांडवी पूल ओलांडून जेमतेम पाच-सहा किलोमीटर, एवढाच त्यांचा रोजचा प्रवास होता. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा तीन आठवडे पेटत होता आणि त्यांनी तो सोडून दिला होता. मी इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक ओढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलेले, पाण्यासारखे पातळ आणि डिझेलचा वास मारणारे निघाले. या फिल्टरमध्ये साचलेली काजळी जाळण्यासाठी एक्झॉस्ट साधारण ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो आणि त्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडते; ही प्रक्रिया अर्धवट असताना गाडी बंद केली, की त्यातले काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. ‘फिल्टरच काढून टाका,’ असे ते म्हणाले. ‘काका, ते बेकायदेशीर आहे, मी करणार नाही,’ असे मी स्पष्ट सांगितले, ऑइल बदलले आणि नंतरच स्कॅनर लावून फिल्टर साफ केला. डिझेल ठेवायचेच असेल, तर आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा तास न थांबता चालवावे, ही माझी स्वतःची सवय आहे.

दुसरी चूक हिशोबाची. डिझेल इंजिनचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) जास्त असतो आणि एका लिटरमध्ये ऊर्जाही पेट्रोलपेक्षा अधिक असते, म्हणून ॲव्हरेज चांगले मिळते, हे खरेच आहे. परंतु समजा पेट्रोल गाडी लिटरला १५ आणि डिझेल गाडी २० किलोमीटर देते, वर्षाचे रनिंग ८,००० किलोमीटर आहे आणि दर अनुक्रमे ९५ व ८८ रुपये आहेत, तर वर्षाला साधारण साडेपंधरा हजार वाचतात. डिझेल गाडीसाठी दीड लाख जास्त मोजले असतील, तर ते वसूल व्हायला जवळपास दहा वर्षे लागतात. रोज चोर्ला घाटातून बेळगावला जाणाऱ्याचे गणित अर्थातच वेगळे आहे.

ॲव्हरेज डॅशबोर्डवर पाहू नका. टाकी काठोकाठ भरा, पुन्हा काठोकाठ भरताना लागलेले लिटर मोजा आणि मधल्या किलोमीटरना त्याने भागा. पेट्रोलवाल्यांनी हेही लक्षात घ्यावे, की इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे ई-२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, ॲव्हरेज थोडे उतरले म्हणजे इंजिन बिघडले असे नव्हे.

डिझेलच्या टाकीत चुकून पेट्रोल गेले, तर चावीसुद्धा फिरवू नका, गाडी टो करून आणा.

भविष्याचा विचार न करता जुनी डिझेल गाडी स्वस्तात घेणे हीदेखील चूकच आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले, त्याच वर्षी मारुती सुझुकीने डिझेल गाड्या बंद केल्या, आणि लहान डिझेल गाड्या बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या. मोठ्या एसयूव्ही आणि मालवाहू गाड्यांत डिझेल अजून काही वर्षे टिकेल, असे मला वाटते. लहान गाडीसाठी मात्र विकत घेण्याआधीच तिचे इंजेक्टर आणि टर्बो गोव्यात कुठे मिळतात, याची चौकशी करा.