नेदरलँड्समध्ये सिंटरक्लासच्या संध्याकाळी सहभागी होताना

नेदरलँड्समध्ये नव्याने राहायला आलेल्या माणसाला भेटवस्तूंचा मुख्य दिवस नाताळ असेल असे वाटते. अनेक डच घरांत मात्र तो मान 5 डिसेंबरच्या संध्याकाळी साजऱ्या होणाऱ्या सिंटरक्लासच्या, म्हणजे भेटी आणणाऱ्या संत निकोलसच्या (थोडक्यात ‘सिंट’च्या), सणाला असतो. सहकाऱ्यांकडून किंवा शेजाऱ्यांकडून त्या संध्याकाळचे निमंत्रण आले, तर वस्तू विकत घेणे हे त्यातले सर्वांत सोपे काम आहे, हे आधी लक्षात घ्यावे.

काही आठवडे अगोदर नावांच्या चिठ्ठ्या काढल्या जातात. हल्ली हे काम पुष्कळदा संकेतस्थळावरच होते. आपल्या वाट्याला आलेले नाव कोणालाही सांगायचे नसते. सहसा प्रत्येक जण आपल्याला काय हवे याची यादी देतो आणि खर्चाची मर्यादाही ठरलेली असते. यादीतलीच वस्तू घेण्यात संकोच बाळगू नये, आणि मर्यादा ओलांडून इतरांना अवघडवूही नये.

खरी मेहनत लागते ती ‘सुरप्रीझ’साठी, म्हणजे भेट दडवण्याकरिता पुठ्ठा, रंग आणि कागदाच्या लगद्यापासून हाताने केलेल्या कलाकृतीसाठी. तिचा संबंध त्या व्यक्तीच्या छंदाशी किंवा सवयीशी असावा: सायकलवेड्या सहकाऱ्यासाठी पुठ्ठ्याचे भलेमोठे चाक करून त्याच्या तुंब्यात भेट लपवता येते. ती ओबडधोबड झाली तरी कोणी नावे ठेवत नाही. शाळेतही मोठ्या वर्गांतील मुले एकमेकांसाठी अशी सुरप्रीझ करतात, त्यामुळे पालकांनी घरात रिकामी खोकी साठवून ठेवलेली बरी.

भेटीसोबत कविता हवीच. ती स्वतः सिंटने लिहिली आहे अशा थाटात, सोप्या यमकांत, त्या व्यक्तीच्या वर्षभरातील उद्योगांवर लिहायची असते, आणि वेष्टन उघडण्यापूर्वी तिनेच ती सर्वांसमोर मोठ्याने वाचायची असते. आपल्याकडच्या वात्रटिकेचा बाज येथे चपखल बसतो. सतत उशिरा येणे किंवा किल्ल्या विसरणे यांवर खुशाल चिमटे काढावेत, पण शरीर, पैसा आणि घरगुती भांडणे हे विषय टाळावेत. मोडक्यातोडक्या डचमध्ये लिहिलेल्या चार ओळी यंत्राने भाषांतरित केलेल्या निर्दोष कवितेपेक्षा सरस, असे माझे मत आहे. यंत्र अर्थ पोहोचवते, यमक हरवते. खाली आपले नाव न घालता ‘सिंट’ अशी सही करावी.

घरात लहान मुले असतील, तर नोव्हेंबरच्या मध्यास बोटीने येणाऱ्या सिंटचे स्वागत पाहायला त्यांना न्यावे. त्यानंतर अधूनमधून झोपण्यापूर्वी मुले आपला बूट मांडून त्यात सिंटच्या घोड्यासाठी गाजर ठेवतात आणि गाणे म्हणतात. सकाळी बुटात नावाच्या आद्याक्षराचे चॉकलेट किंवा एखादी लहानशी वस्तू सापडते. शेजारची मुले सिंटवर मनापासून विश्वास ठेवतात, म्हणून त्यांच्यासमोर मोठ्यांनी तोंड सांभाळावे.

भेट उघडल्यावर आभार सिंटचेच मानतात. देणाऱ्याने चेहरा कोरा ठेवावा, तर्ककुतर्क चालू द्यावेत. 5 आणि 6 डिसेंबर या सार्वजनिक सुट्ट्या नाहीत, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असल्यास निघण्याची वेळ यजमानांना आधीच सांगून ठेवावी.